उठा, असं न सांगता

‘खाऊन झाल्यावर विनाकारण बसू नये’ छापाच्या पाट्या पुण्यातल्या नव्या हॉटेलांत दिसत नाहीत. ते काम आता खुर्चीकडे गेलंय. बाणेर-बालेवाडीकडच्या एखाद्या कॅफेत जाऊन बघा. उंच स्टूल, पाय टेकायला लोखंडी दांडी, पाठीला काही नाही. कॉफी संपायच्या आत कंबरच म्हणते, निघू या. याउलट तुम्ही रेंगाळावं, आणखी काही मागवावं अशी मालकाची इच्छा असेल, तर गुबगुबीत सोफा आणि २७०० केल्विनचा पिवळा, मवाळ दिवा.

बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर, टेबल ७५; मधल्या ३० सेंटिमीटरांत मांड्या मावतात आणि कोपरंही सुखात राहतात. एवढं गणित बिघडवलं की गिऱ्हाईक लवकर उठतं, आणि का उठलो ते त्याचं त्यालाही कळत नाही. बुटक्या सोफ्यावर बसून गुडघ्याएवढ्या टेबलावरची मिसळ खायची, म्हणजे तर्रीचा थेंब शर्टावर पडणारच.

अर्थात सगळंच असं हिशोबात बसत नाही. इराण्यांकडच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवा. त्यांचं मूळ घराणं व्हिएन्नाचं. तिथल्या थोनेट या फर्निचर कंपनीची चौदा नंबरची खुर्ची १८५९ सालची. सुटी केली की एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस मावत. गादी नाही, हात नाहीत. तरी डेक्कनवरच्या १९३५ सालच्या ‘गुडलक’सारख्या ठिकाणी बन-मस्क्यावर तासन्‌तास गप्पा झडत आल्याच ना! पुणेकराला उठवणं लाकडाच्या हातात नसावं.

मग आवाजाने उठवतात. गुळगुळीत काँक्रीटची फरशी, काचेच्या भिंती, वर फॉल्स सीलिंग काढून उघडे ठेवलेले पाइप. फोटो झकास येतो; पण आवाज शोषून घेणारं काहीच नाही. ना पडदा, ना टेबलक्लॉथ. भोवती गलका वाढला की माणूस नकळत वरच्या पट्टीत बोलतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ सालीच दाखवून दिलं होतं. इथे प्रत्येक टेबल शेजारच्यावर कडी करतं, वर स्पीकर. लग्नाची बोलणी करायला अशा जागी जाऊ नये. होकार की नकार, कळायचं नाही.

माझी खरी तक्रार मात्र बेसिनची. आमटी-भात कालवून खाणाऱ्या गावात हात धुवायची जागा नकाशावर सगळ्यात शेवटी काढतात. झाडं, झोपाळा, भिंतीवरची सायकल, सगळं दर्शनी; बेसिन तेवढं टॉयलेटच्या बोळात. खरकटा हात हवेत धरून, लोकांच्या पाठी चुकवत तिथवर जायचं. नळाला तोटी नाही. हात पुढे, मागे, वर, खाली. शेवटी पाणी येतं, ते शेजारच्या नळाला.