पाडव्याचं गो-लाइव्ह आणि चिठ्ठ्या

आयटी कंपन्यांत नवीन टीम लीड किंवा नवीन प्रोजेक्ट मॅनेजर झालेल्या पोरांना शिकवायचं काम मी बरीच वर्षं करतेय, त्याआधी स्वतः डिलिव्हरीत, म्हणजे क्लायंटला प्रोजेक्ट करून द्यायच्या कामात होते. लोकांना वाटतं यात काय शिकवायचं, एमएस प्रोजेक्ट उघडा, गँट चार्ट (कुठलं काम कधी ते दाखवणारा तक्ता) काढा, झालं. टूल शिकायला दोन तास पुरतात हो. अवघड आहे ते स्टेटस मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर "आपली तारीख गाठली जाणार नाही" हे एक वाक्य तोंडातून काढणं. त्यामुळे होतं काय, रिपोर्ट दर आठवड्याला हिरवा, म्हणजे सगळं वेळेत, आणि गो-लाइव्हच्या (नवीन सिस्टिम खरोखर चालू व्हायच्या) तोंडावर एकदम लाल. धंद्यात याला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आतून लाल. आणि या एका वाक्यासाठी कुठलंही सर्टिफिकेशन कामाला येत नाही, मी खूप सर्टिफाइड लोकांना कलिंगडं पिकवताना बघितलंय.

तर ही गोष्ट २०२५ च्या फेब्रुवारीतली. हिंजवडी फेज टू, दोन दिवसांचं वर्कशॉप, त्याचा दुसरा दिवस. बॅचमधले बहुतेक जण एकाच प्रोजेक्टवरचे निघाले. एका सहकारी बँकेचं जुनं शाखानिहाय सॉफ्टवेअर काढून सगळ्या शाखा नवीन कोअर बँकिंगवर, म्हणजे सगळ्यांच्या एकाच सॉफ्टवेअरवर न्यायच्या (बँकेचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही). त्यांचा डिलिव्हरी हेड मागच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसलेला, "मी नुसतं ऐकतो मॅडम, तुम्ही चालू ठेवा" म्हणून. असं कोणी नुसतं ऐकत नसतं हे बॅचलाही माहिती असतं आणि मलाही, पण काढणार कसं बाहेर!

सकाळी नेहमीचंच. क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळ्या प्रोजेक्टला उशीर होतो ती साखळी), मग थ्री पॉइंट एस्टिमेट, तीन आकड्यांवरून काढलेला अंदाज. अमेरिकन नेव्हीच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या वेळी १९५८ च्या सुमाराला जी पर्ट पद्धत आली, तिचं हे सूत्र आजही तसंच चालतं. सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमीसारखं झालं तर किती, वाट लागली तर किती, मधल्याला ४ ने गुणायचं, तिन्हींची बेरीज करून ६ ने भागायचं. ६, ९ आणि २४ दिवस असतील तर उत्तर ११ येतं, म्हणजे "नऊ दिवसांत देतो" म्हणणारा माणूस तिथेच दोन दिवस गाळात असतो. मी हे सांगत होते तेवढ्यात एक जण म्हणाला, "मॅडम, आम्ही २४ लिहिलं की सर तोच आकडा पहिला कापतात." सगळा वर्ग हसला, मागे सरही हसले. मला तेव्हाच वाटलं आज काहीतरी वेगळं होणार.

जेवणानंतर प्रीमॉर्टेम, म्हणजे प्रोजेक्ट आपटायच्या आधीच त्याचं पोस्टमॉर्टेम. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत यावर लिहिलं होतं, करायला एकदम सोपं आहे. "काय काय धोके आहेत?" असं विचारायचंच नाही, कारण तसं विचारलं की सगळे शहाण्यासारखी उत्तरं देतात, ॲट्रिशन (माणसं सोडून जाणं), स्कोप क्रीप (काम वाढत जाणं), व्हेंडर डिले वगैरे, पुस्तकातली. त्याऐवजी सांगायचं की आज १ जून आहे, प्रोजेक्ट आपटलाय, साफ आपटलाय, आता का आपटला ते चिठ्ठीवर लिहा, नाव टाकू नका. आपटेल का हा वादच संपतो, त्यामुळे घाबरट किंवा निगेटिव्ह ठरायची भीती जाते आणि पोरं मोकळेपणाने लिहितात. मी एरवी यासाठी एक काल्पनिक प्रोजेक्ट देते. त्या दिवशी कोणीतरी म्हणालं, आमचाच घेऊ का? मी मागे बघितलं, साहेबांनी मान हलवली, घ्या.

चिठ्ठ्या गोळा केल्या आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिली, "मार्च एंड." दुसरी, "शाखांनी डेटा व्हेरिफाय केलाच नाही, क्लोजिंग चालू होतं", म्हणजे वर्षअखेरचे हिशेब. तिसरी परत "मार्च एंड". एक सर्व्हरवर होती, एक कँटीनच्या चहावर (असतोच एक तसा), बाकी फिरून फिरून तेच.

प्रकार असा होता की बँकेच्या चेअरमनना गो-लाइव्ह गुढीपाडव्याला हवं होतं. २०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी. म्हणजे दुसऱ्या दिवशी ३१ मार्च! साहेबांचं म्हणणं, उलट बरंच आहे की, रविवारी शाखा बंद आणि १ एप्रिलला बँका लोकांसाठी बंदच असतात, तो आपला बफर. प्लॅनमध्ये तसं लिहिलेलंही होतं, हिरव्या रंगात.

त्यावर सांगलीकडची एक मुलगी, दोन दिवसांत एक शब्द न बोललेली, उठून म्हणाली, "सर, माझे बाबा शाखाधिकारी आहेत. १ एप्रिलला बँक लोकांसाठी बंद असते, बाबांसाठी नसते. ३१ ला ते रात्री कधी घरी येतात तेही आम्हाला कळत नाही. त्या आठवड्यात आपल्यासाठी कोण बसणार?"

आणि बसायचं होतं कशाला, तर नावं तपासायला. सभासदांची नावं मराठीत, तीच पुढे वार्षिक सभेच्या नोटिशीवर आणि मतदार यादीत जाणार. जुना डेटा युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण कोडमध्ये) नव्हताच, कुठल्या शाखेत श्री-लिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचा फॉन्ट, कुठल्या शाखेत तसल्याच आयएसएमचा. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहिती आहे, जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लागते, आणि रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टर जरा चुकला की सूर्यवंशीचं सूयर्वंशी होतं. तिने प्रोजेक्टरवर टेस्ट डेटा दाखवला, पानभर सूयर्वंशी, आणि शिंदेंची वेलांटी श ला सोडून सुटी पडलेली. मशीनवर यातल्या बऱ्याच चुका सापडतात, पण आडनाव खरंच तसं आहे का हे शेवटी शाखेतला माणूसच सांगणार. मग बोर्डावर हिशेब मांडला. एका शाखेत चार हजार नावं धरली, एका नावाला अर्धं मिनिट, तर तेहतीस तासांहून जास्त. रोज दोन तास कोणी दिले तर सतरा दिवस. मार्चमध्ये! मला वाटतं त्या दिवशी एस्टिमेशन खरं शिकवलं गेलं ते इथे, आणि शिकवत ती होती.

साहेब म्हणाले, "सगळं मान्य. पण चेअरमनसाहेबांनी मुहूर्त काढलाय, सभासदांना शब्द दिलाय. तो हलवणार कोण?"

मी म्हटलं करून बघू. साताऱ्याच्या एकाला चेअरमन केलं, तो असा काही रेलून बसला की खराच वाटावा. ती मुलगी समोर. पहिल्या वेळी तिने फॉन्ट, कन्व्हर्जन, डेटा क्वालिटी असं सुरू केलं, चेअरमनने मिनिटभरात उडवलं, "ते फॉन्टबिंट तुमचं तुम्ही बघा, आम्हाला पाडवा पाहिजे." परत कर म्हटलं. या वेळी ती म्हणाली, "साहेब, मतदार यादीत तुमच्याच पॅनेलच्या माणसाचं नाव चुकीचं छापून आलं तर सभेत विरोधक काय म्हणतील?" चेअरमन सरळ होऊन बसला. "आणि मुहूर्तच पाहिजे ना, तर अक्षय्य तृतीया पण साडेतीन मुहूर्तातलीच आहे. यंदा ३० एप्रिलला. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणजे रात्री कटओव्हर, जुन्यावरून नव्यावर जाणं, करून एक पूर्ण दिवस मिळतो, २ तारखेला शाखा उघडायच्या. तोपर्यंत क्लोजिंगही झालेलं असेल."

स्टेकहोल्डर मॅनेजमेंटवर माझ्या चाळीसेक स्लाइड आहेत, त्यात असलं एक वाक्य नाही. साहेब मागे मोबाइलवर कॅलेंडर उघडून बसले होते.

सेशन संपल्यावर त्यांनी माझ्याकडे चिठ्ठ्या मागितल्या, क्लायंटला दाखवायला म्हणे. मी दिल्या नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण हस्ताक्षर ओळखू येतं आणि अप्रेझल एप्रिलमध्ये असतं. मुद्दे बोर्डावर लिहिले, म्हटलं याचा फोटो काढा. काढला.

पुढचं फोनवर कळलं. तारीख ३० एप्रिलला गेली, पाडव्याला चेअरमननी नवीन सर्व्हर रूममध्ये नारळ फोडला, पेढे वाटले, सगळे खूश. मे महिन्यात एका शाखेतली काही नावं तरीही रफार चुकून गेली, ती शाखेनेच यादी पाठवून दुरुस्त करून घेतली. सांगलीच्या मुलीला आता बँकेच्या कॉलवर बसवतात, आधी नुसते मिनिट्स लिहायला घ्यायचे.

तेव्हापासून मी एचआरला आधीच विचारते, बॅच एका प्रोजेक्टची आहे का मिसळलेली. एका प्रोजेक्टची असेल तर काल्पनिक केस घरीच ठेवते. साहेब लोकांना मात्र जेवणानंतरच बोलवते, सकाळी नको.

फीडबॅक फॉर्म बरे आले होते. एकाने लिहिलं होतं, "अर्न्ड व्हॅल्यू शिकवायचं राहिलं, अजेंडात होतं." झालेल्या कामाची किंमत प्लॅनशी आणि खर्चाशी ताडून बघायची ती पद्धत, राहिलीच होती, स्लाइड मेल केल्या.