उदगीर ते क्वालालंपूर : तिकिटाचा खरा हिशोब

आमचं उदगीरला कृषी सेवा केंद्र आहे. मे महिन्यात बियाणं-खतांची गर्दी सुरू होते, ती सोयाबीन निघून हरभरा पेरला जाईपर्यंत हटत नाही. त्यामुळे दिवाळी आणि उन्हाळ्यात, सगळे फिरायला निघतात तेव्हा, आम्हाला दुकान सोडता येत नाही. परदेशी सहलीच्या बाबतीत हीच गोष्ट पथ्यावर पडली. फेब्रुवारी सरताना परीक्षा तोंडावर असतात, फारसं कुणी हलत नाही, आणि विमानाचं भाडं बरंच उतरलेलं असतं. आई-अण्णांचे गुडघे साथ देताहेत तोवर त्यांना एकदा समुद्रापलीकडे न्यायचं, हे बायकोनं आणि मी कधीपासून मनात धरलं होतं.

आधी टूर कंपन्यांकडे पॅकेजची चौकशी केली. पॅकेजचा भाव मुंबई ते मुंबई असतो. उदगीर ते मुंबई आपलं आपण बघायचं. तारखा त्यांच्या, आणि वर टीसीएस, म्हणजे पॅकेजच्या बिलातच आगाऊ वसूल होणारा कर. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. धंद्यात खेळतं भांडवल लागणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. म्हणून सगळं स्वतःच बुक करायचं ठरवलं.

देश निवडतानाच निम्मी बचत होते, असं माझं ठाम मत आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा माणशी २५ डॉलर, म्हणजे चौघांचे १०० डॉलर विमानात बसायच्या आधीच गेले. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय आणि ही सूट २०२६ अखेरपर्यंत वाढवलीय. पासपोर्टची मुदत तिथे पोचल्यावर किमान सहा महिने शिल्लक हवी आणि पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. ते सरकारी साइटवर फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट्सही सापडतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता तिकीट. गूगल फ्लाइट्सवर महिन्याचं कॅलेंडर उघडलं की कोणत्या तारखेला किती भाडं ते एका नजरेत कळतं. आमच्या तारखा मोकळ्या होत्या, त्यामुळे शुक्रवार-शनिवार सोडून मधल्या वारांकडे सरकलो तर चांगलाच फरक दिसला. मग भाड्याचा अलर्ट लावून ठेवला. ब्राउझरच्या गुप्त (इनकॉग्निटो) विंडोत शोधलं तर भाडं कमी दिसतं, असं बरेच जण सांगतात. मी दोन्हीकडे ताडून पाहिलं, भाव तोच होता.

परदेशी जायचं म्हणजे मुंबईहूनच, हे आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय. मुंबईचं भाडं हैदराबादपेक्षा माणशी १,८०० रुपयांनी कमी दिसतही होतं. चौघांचे ७,२०० वाचणार म्हणून मी मुंबईवर बोट ठेवलं, तेव्हा बायकोनं दुकानातलं कोरं बिलबुक ओढलं आणि मागच्या पानावर दोन रकाने पाडले. मुंबईच्या रकान्यात लातूरपर्यंतची गाडी, तिथून रात्रीची रेल्वे, सकाळी मुंबईत उतरून रात्रीच्या विमानापर्यंत आई-अण्णांना टेकायला लॉजची खोली, विमानतळापर्यंत टॅक्सी, दोन वेळचं जेवण, आणि येताना हेच सगळं उलट. हैदराबादच्या रकान्यात एकच ओळ, गावातली भाड्याची इर्टिगा. बिदर, जहिराबाद, संगारेड्डी करत पटांचेरूला आउटर रिंग रोड धरायचा आणि शहरात न शिरता थेट शमशाबादचं विमानतळ. दुपारी घरी जेवून निघालं तरी मध्यरात्रीचं विमान आरामात मिळतं. बेरीज केली तर ७,२०० तर फिटलेच, वर पैसे उरले, आणि म्हाताऱ्या माणसांची एका रात्रीची दगदग वाचली ती वेगळीच. उदगीर, देगलूर, नांदेडकडच्या लोकांनी तरी मुंबईच्या आधी हैदराबाद बघावं, असं मी आता ज्याला त्याला सांगतो. मलेशियाच्या राजधानीला, क्वालालंपूरला, हैदराबादहून थेट विमानं आहेत, चार-साडेचार तासांचा प्रवास.

स्वस्त विमान कंपनीच्या मूळ भाड्यात हातातलं सातच किलो सामान बसतं. आई म्हणाली, “सात किलोत काय होतंय रे? नुसते धपाटे-चटणीच तेवढे व्हतेत.” चौघांत मिळून दोन मोठ्या बॅगांचं वजन तिकिटासोबतच घेतलं, कारण हेच वजन विमानतळावर घ्यायला गेलं तर कितीतरी महाग पडतं. सीट निवडायचे पैसे फक्त आई-अण्णांसाठी भरले, अण्णांना चालायच्या वाटेकडची जागा लागते. आम्ही दोघं मिळेल तिथे बसलो. तिकीट कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच काढलं. दुसऱ्या एका साइटवर ते थोडं स्वस्त दिसत होतं, पण शेवटच्या पानावर सुविधा शुल्क चढून फरक संपला. शिवाय तारीख बदलायची वेळ आली तर मधे तिसरा माणूस नको.

दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकायचं. आपल्याकडे पासपोर्टवर नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, आईच्या पासपोर्टवर अण्णांचं आहे, ते गाळून चालत नाही. दुसरी गोष्ट तारीख. रात्री १२ नंतरच्या विमानावर १२ तारीख लिहिली असेल तर घरातून ११ तारखेला दुपारी निघायचं असतं. हॉटेलचं बुकिंगही याच हिशोबानं करायचं. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे विमान सकाळी उतरतं आणि खोली मिळते दुपारी. आदल्या रात्रीचे पैसे भरू नयेत. सामान ठेवून घ्याल का, हे हॉटेलला आधी मेल करून विचारावं. आम्हाला लगेच होकार आला.

हॉटेलात दोन खोल्यांऐवजी दोन बेडरूमचा, ओटा असलेला फ्लॅट पाहिला, केएल सेंट्रल स्टेशनजवळ. लांबचे फ्लॅट स्वस्त होते, पण रोजची टॅक्सी धरली की तो स्वस्तपणा उरत नाही. इथे शेजारी ब्रिकफील्ड्स ही भारतीय वस्ती, म्हणजे केळीच्या पानावर शाकाहारी जेवण चालत जाण्याच्या अंतरावर. बटू केव्हज, म्हणजे टेकडीतल्या गुहांमधलं मुरुगनचं (कार्तिकेयाचं) देऊळ, तिथली लोकल याच स्टेशनवर मिळते. तिथल्या २७२ पायऱ्या अण्णा हळूहळू चढून गेले, आई खाली मुरुगनच्या मूर्तीपाशी बसून राहिली. फ्लॅटचे अभिप्राय वाचताना मी कमी गुण देणाऱ्यांचे आधी वाचले आणि त्यात लिफ्टचा उल्लेख शोधला. एका फ्लॅटची लिफ्ट वारंवार बंद असल्याचं तीन-चार जणांनी लिहिलं होतं, तो लगेच सोडला.

बुकिंग फुकटात रद्द करता येणारंच घ्यावं. आम्ही आधी एक करून ठेवलं आणि तरी भाव बघत राहिलो. निघायच्या काही आठवडे आधी तोच फ्लॅट स्वस्त दिसला. नवं बुकिंग पक्कं झाल्यावर जुनं रद्द केलं.

परदेशी पर्यटकांसाठी मलेशियात दर खोलीमागे रात्रीला १० रिंगिट (तिथलं चलन) पर्यटन कर असतो. बहुतेक ठिकाणी तो ऑनलाइन रकमेत धरलेला नसतो, काउंटरवर मागतात, पावती घ्यायची. आम्हाला कार्डाच्या मशीनवर रुपये की रिंगिट असं विचारलं गेलं. रुपये दाबलं की त्यांच्या सोयीचा दर लागतो, म्हणून रिंगिट दाबायचं. हे मी बायकोला सांगेपर्यंत तिनं रिंगिट दाबलंही होतं.