सोन्याच्या नावाचं तांब्याचं नाणं : ओरे

सोलापुरात कुणाच्या घरी जुन्या नाण्यांचा डबा उघडला की आपल्या १९४३-४७ च्या भोकाच्या पैशासारखंच एखादं परदेशी नाणं कधी कधी हाती लागतं. त्यावर ‘ओरे’ असेल तर ते डेन्मार्कचं किंवा नॉर्वेचं. पहिल्या अक्षराचा उच्चार करताना ओठ ‘ओ’सारखे गोल ठेवून ‘ए’ म्हणायचं.

शब्दाचं मूळ रोममध्ये आहे, असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. रोमन सोन्याचं नाणं ‘ऑरेयस’. त्यावरून जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे या उत्तरेकडच्या देशांच्या जुन्या भाषेत, अनेकवचन ‘ऑरर’ आणि एकवचन ‘एयरिर’. मात्र तिकडे ते आधी नाणं नव्हतंच, वजन होतं! आठ एयरिरचा एक मार्क, हे मोठं वजन. एक एयरिर म्हणजे साधारण २७ ग्रॅम चांदी, आपल्या हिशेबात सव्वादोन तोळ्यांहून जरा जास्त. स्वीडनमध्ये सोळाव्या शतकात राजा गुस्ताव वासाच्या काळात ओरे हे नाणं म्हणून पाडलं गेलं. १८७३ च्या नाणेसंघात, म्हणजे सामाईक चलनाच्या करारात, डेन्मार्क-स्वीडनने १०० ओरेचा एक क्रोन ठरवला. १८७५ मध्ये नॉर्वेही आला.

सोन्यावरून आलेलं नाव शेवटी तांब्याच्या चिल्लरीवर उतरलं. आपल्याकडेही तेच झालं: ग्रीक ‘द्राख्मे’ हे चांदीचं नाणं, त्यातून ‘द्रम्म’, मग ‘दाम’, शेवटी ‘दमडी’. स्वीडिश माणूस खिसा रिकामा असला की ‘एक लाल ओरेही नाही’ म्हणतो, आपण ‘फुटकी कवडी’ म्हणतो. रोमशी व्यापार करणारं प्राचीन तगर, म्हणजे आजचं तेर, सोलापुरापासून फार लांब नाही, म्हणून ही जोडी मला फार जवळची वाटते.

डेन्मार्कच्या भाषेत ‘ओरे’ म्हणजे कानसुद्धा. पण त्या शब्दाचा नाण्याशी काही संबंध नाही. दोघांचं व्याकरणातलं लिंगही वेगळं.

ओळखताना रोमन ‘ओ’ नीट पाहा. त्यावर दोन टिंबं असली तर स्वीडन, त्यातून तिरकी रेघ गेली असेल तर डेन्मार्क किंवा नॉर्वे. मग देशाचं नाव वाचा. ही रेघ झिजली की नुसता ‘ओ’ दिसतो आणि फसगत होते. नंतर लोहचुंबक लावा: स्वीडनने १९१७-१९ आणि १९४२-५० मध्ये तांब्याच्या टंचाईमुळे लोखंडी ओरे पाडले, ते चिकटतात. डेन्मार्कचे युद्धकाळातले जस्ताचे करडे ओरे चिकटत नाहीत.

आणि चिंच किंवा भांडी घासायची पावडर अजिबात लावू नका. तांब्यावरचा जुना थर निघून जातो, जस्तावर खड्डे पडतात, आणि संग्राहक ते नाणं लगेच बाजूला ठेवतो.