किलिमांजारो, उंची आणि पैसे मागणं

मला उंचीची धास्ती आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजात असताना हरिहर किल्ल्यावर गेलो, तेव्हा त्या उभ्या पायऱ्यांच्या तळाशी मी बसून राहिले आणि बाकीचे वर जाऊन आले. लोकांकडे पैसे मागायची भीती मात्र त्याहून मोठी निघाली.

आईचे शेवटचे आठवडे एका पॅलिएटिव्ह केअर केंद्रात गेले, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या केंद्रात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिथल्या सिस्टर रात्री-अपरात्री येऊन तिची कूस बदलायच्या. केंद्र पेशंटकडून पैसे घेत नाही. आई गेल्यावर काही महिन्यांनी त्यांचा निरोप आला: निधीसाठी एक गट टांझानियात किलिमांजारो पर्वत चढायला जातोय, प्रत्येकाने आपापल्या ओळखीतून पैसे गोळा करायचे. मी लगेच हो म्हटलं.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून टाकली. विमान, व्हिसा, नॅशनल पार्कची फी, सगळं माझ्या खिशातून. काही ट्रेकमध्ये जमलेल्या देणगीतूनच जाणाऱ्यांचा खर्च भागवतात. मला ते अजिबात पटत नाही. फोनवर हे पहिल्या वाक्यात सांगितलं की समोरच्याला बरं वाटायचं.

पण आधी फोन लावायला तर हवा! कुणापुढे हात पसरायचा नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून मुरलेलं. शेजारून आणलेली वाटीभर साखरसुद्धा दुसऱ्या दिवशी परत जायची. मामांचा नंबर काढून मी ओट्यापाशी कितीतरी वेळ नुसती उभी होते. शेवटी लावला.

"मामा, आई होती ना, त्या केंद्रासाठी पैसे जमवतेय."

ते क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, ताईसाठी मला काही करताच आलं नाही. बरं झालं विचारलंस. कुठे पाठवायचे ते सांग."

त्यानंतर ऑफिसमधले, सोसायटीतले, शाळेतल्या मैत्रिणी. काहींनी सरळ नाही म्हटलं. त्यांच्याशी आजही माझं तितकंच छान आहे.

आम्ही मचामे वाटेने चढलो. खाली ओलं, शेवाळलेलं जंगल, मग झुडपं, मग नुसते दगड. गाईड सारखा "पोले पोले" म्हणत होता, म्हणजे सावकाश. साधारण 4600 मीटरवर लाव्हा टॉवरपाशी जेवायचं आणि त्याच दिवशी पुन्हा सहा-सातशे मीटर उतरून बरांको कॅम्पला झोपायचं. विरळ हवेची सवय होते ती अशी. या कॅम्पभोवती जायंट ग्राउंडसेलची झाडं आहेत, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच. वाळलेली पानं ती गाळत नाहीत, खोडाभोवती तशीच लपेटून ठेवतात, रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीतून वाचायला. मी ती झाडं बघत बसले, कारण समोर बघवत नव्हतं. समोर बरांकोची भिंत होती, सुमारे अडीचशे मीटर उंच.

दोर लागत नाही, पण जागोजागी हात टेकावे लागतात. सकाळी पोर्टर डोक्यावर तंबू, भांडी घेऊन आमच्या बाजूने वर गेले. मधे एके ठिकाणी वाट वीतभर उरते आणि खडक पोटासारखा बाहेर येतो. त्याला मिठी मारून, गाल टेकवून पलीकडे पाय टाकायचा. पाठीमागे काही नाही. माझा उजवा पाय लटपटायला लागला, थांबवता थांबेना. खडक बर्फासारखा गार होता आणि तोंडात धूळ गेली होती.

"मला भीती वाटतेय. हात दे," मी गाईडला मोठ्याने सांगितलं, गटातल्या सगळ्यांदेखत. त्याने पलीकडून मनगट धरलं आणि फक्त डावा पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. मग उजवा.

शिखराची रात्र थंड आणि लांबलचक होती. अंधारात खालचं दिसत नव्हतं, हे माझ्या पथ्यावरच पडलं. ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावर, स्टेला पॉइंटला उजाडलं, आणि तिथून काठाकाठाने चालत उहुरू, म्हणजे शिखर, 5895 मीटर. तिथे आईचं नाव घेतलं आणि खूप रडले.

अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून मी अजूनही खाली वाकून बघत नाही. जमलेल्या पैशातून केंद्रात हवेच्या गाद्या आल्या, आणि घरी जाऊन पेशंट बघणाऱ्या सिस्टरच्या गाडीचा खर्चही निघतोय.

तुम्ही अशा ट्रेकला जाणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारा. देणगीतले किती पैसे खरंच संस्थेला पोचतात? आणि पोर्टरना मजुरी, जेवण नीट मिळतं का? 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' हे नीट पाळणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवतं, ती बघूनच कंपनी निवडा.

पुढच्या गटात एक काकू आहेत, रोज सकाळी टेकडी चढणाऱ्या. त्यांना डोंगराची काहीच काळजी नाही, पण पैशासाठी फोन करवत नाही. शनिवारी त्या माझ्याकडे येणार आहेत. पहिले काही फोन आम्ही दोघी मिळून लावू.