हिट्सव्हिल: माळ्यावर घुमारा असलेलं घर

डेट्रॉईटला उतरलेला मराठी माणूस बहुधा मोटारधंद्यातल्या नातेवाइकाकडे, नोव्ही नाहीतर ट्रॉय या उपनगरांत मुक्कामी असतो आणि त्याला फोर्ड म्युझियम दाखवलं जातं. तेही बघावं. पण अर्धा दिवस काढून वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरी जा. पांढऱ्या भिंती, निळ्या कडा, दर्शनी भागावर ठळक अक्षरांत ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’. मोटाऊन या गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं हे मूळ घर. हेन्री फोर्ड हॉस्पिटल त्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे पत्ता चुकत नाही. आत सोडतात ते गाईडबरोबर, तुकडीतुकडीने. शनिवार-रविवारची तिकिटं आधीच ऑनलाइन काढलेली बरी.

बेरी गॉर्डी आधी लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर कामाला होता. १९५९ मध्ये त्याने घरच्यांच्या सामाईक फंडातून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली आणि त्याच वर्षी हे घर घेतलं. घराच्या मागच्या भागात आधी फोटो स्टुडिओ होता. त्याचाच रेकॉर्डिंग स्टुडिओ झाला, तोच ‘स्टुडिओ ए’. वर बिऱ्हाड, खाली धंदा.

दौऱ्यात सगळ्यात जास्त वेळ वरच्या मजल्यावर जायला हवा, तिथेच गाईडची घाई असते. छताला एक भोक आहे. त्याखाली उभं राहून टाळी वाजवली की आवाज घुमून परत येतो. वरचा माळा हाच त्यांचा इको चेंबर, म्हणजे गाण्याचा आवाज स्पीकरवरून सोडून तो घुमलेला पुन्हा टिपायची जागा. सुरुवातीच्या दिवसांत खालचं न्हाणीघरही याच कामाला लागायचं. मग रेकॉर्डिंग चालू असताना कुणी फ्लश ओढू नये, ही जबाबदारी सगळ्यांची.

ही युक्ती आजही पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये चालते. घुमाऱ्याशिवाय कोरडा रेकॉर्ड केलेला गळा साउंड मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून (आवाजाची एक प्रत बाहेर पाठवणाऱ्या वाटेने) एका स्पीकरला द्यायचा आणि तो स्पीकर फरशा लावलेल्या बाथरूममध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. माईक शक्य तितका लांब, स्पीकरकडे पाठ करून. स्पीकरचा थेट आवाज माईकमध्ये शिरला तर घुमाऱ्याऐवजी नुसता डब्यातला आवाज मिळतो. परत आलेला आवाज वेगळ्या चॅनलवर घ्यायचा आणि त्यात २०० हर्ट्झच्या खालचा खर्ज कापून टाकायचा, नाहीतर सगळं गढूळ होतं. त्या चॅनलचा सेंड शून्यावर हवा. तो उघडा राहिला की आवाज गोल फिरत राहतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. एक्झॉस्ट फॅन बंद, नळ घट्ट, आणि सोसायटीचा पंप कधी चालू होतो ते आधी विचारून घ्या. टॉवेल बाहेर काढा, ते घुमारा पितात.

खाली स्टुडिओ ए. वादक त्याला ‘स्नेकपिट’ म्हणायचे, छतावरून सापांसारख्या केबली लोंबायच्या म्हणून. खोली इतकी लहान की ड्रमचा आवाज प्रत्येक माईकमध्ये घुसणारच. त्यात तीन गिटारवाल्यांचे अँप्लिफायर आणून ठेवले असते तर मिक्स करताना काहीच सुटं करता आलं नसतं. म्हणून गिटार आणि बेस थेट कन्सोलला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मिक्सरला, जोडले आणि वादकांना ऐकायला सगळ्यांत मिळून एक स्पीकर दिला. मोटाऊनचा बेसवादक जेम्स जेमर्सन, त्याचा बेस इतका जवळचा आणि गोलसर वाटतो, त्यात त्याच्या बोटांइतकाच या जोडणीचाही हात आहे, असं माझं मत.

टेपचंही तसंच. टेपवर आवाज वेगवेगळे ठेवायच्या तीनच पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, असताना ताल, वाद्यं आणि गळा एवढ्यातच जागा संपते. आणखी काही हवं तर दोन ट्रॅक एकावर उतरवायचे. प्रत्येक उतरवणीला टेपची सरसर वाढते आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं होत नाही. यावर उपाय म्हणून १९६४ च्या सुमारास इंजिनिअर माइक मॅक्लीन आणि मंडळींनी आठ ट्रॅकचं मशीन घरीच बांधलं.

तयार गाणं कारच्या रेडिओसारख्या छोट्या, पत्र्यासारख्या वाजणाऱ्या स्पीकरवर तपासायचे, कारण गिऱ्हाईक ते गाडीत ऐकणार होतं. शुक्रवारी ‘क्वालिटी कंट्रोल’ची बैठक व्हायची, हे नावही कारखान्यातलंच. खिशात शेवटचा डॉलर असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच, असा तिथला प्रश्न. ऑटो कंपनीत पार्ट रिजेक्ट करणाऱ्यांना ही बैठक लगेच ओळखीची वाटेल.

१९७२ मध्ये कंपनीने लॉस एंजेलिसला बस्तान हलवलं. गॉर्डीची बहीण एस्थर गॉर्डी एडवर्ड्स मात्र डेट्रॉईटमध्येच राहिली. लोक दार वाजवून स्टुडिओ बघायला मागत, आणि तिने कागद, फोटो, कपडे काहीच टाकलं नव्हतं. १९८५ मध्ये तिने इथे म्युझियम उघडलं.

काय दुरुस्त करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे इथे बरंचसं नीट ठरवलंय. कंट्रोल रूममध्ये कन्सोलखालची जमीन बघा. पायाने ताल धरून धरून ती झिजलीय आणि तशीच ठेवलीय. पियानोला मात्र हात लावावाच लागला. हा १८७७ चा स्टाइनवे. २०११ मध्ये बीटल्सचा पॉल मॅकार्टनी आला तेव्हा तो वाजवण्याच्या अवस्थेत नव्हता. मॅकार्टनीने दुरुस्तीचा भार उचलला आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कला तो पुन्हा वाजला. पियानो जुना झाला की तारा गंजतात, हातोड्यांचा नमदा कडक होऊन आवाज टोचायला लागतो, खुंट्या सैल पडून सूर टिकत नाही. नुसतं ट्यूनिंग करून भागत नाही. जवारी गेलेला तानपुरा कितीही लावला तरी बोलत नाही, तसंच.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या विस्तारातून शेजारच्या, एकेकाळी मोटाऊनच्याच असलेल्या घरांत २०२२ मध्ये ‘हिट्सव्हिल नेक्स्ट’ सुरू झालं. तिथे नव्या गाणाऱ्या-लिहिणाऱ्या मुलांना शिकवतात. माझ्या मते जुन्या घरापेक्षा खरा वारसा इकडे आहे, कारण स्टुडिओ ए मध्ये आता गाईडच्या सांगण्यावरून पर्यटक चार ओळी गातात, तेवढंच. समोरचा नवा चौक मोकळा आणि नेटका आहे, पण उन्हाळ्यात दुपारी रांगेत उभे असाल तर टोपी लागेल. वेळ उरला तर त्याच रस्त्याने फिशर बिल्डिंगपर्यंत चालत जा आणि आतल्या मधल्या दालनाचं रंगवलेलं छत बघून या. त्याला तिकीट नाही.