खालून येणारा आवाज

जुनं इंजिन घ्यायचं तर कळकट घ्यावं. चंदेरी रंग मारून, टॅपेट कव्हर पुसूनपासून दुकानाच्या दर्शनी भागात मांडलेलं इंजिन दिसलं की माझा संशय जागा होतो. वर्षानुवर्षांची धूळ आणि ऑइल अंगावर घेऊन बसलेलं इंजिन निदान खरं बोलतं. गळती कुठून होते, कुठला बोल्ट अलीकडे कुणी खोललाय, सगळं त्या मळावर उमटलेलं असतं.

ही अक्कल यायचं कारण आमची फियाट. वडिलांनी घेतलेली 1968 ची 1100 डी. तिच्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य धडाला, तडा गेला, वेल्डिंग टिकलं नाही आणि मिस्त्रींनी हात पुसत निकाल दिला, "साहेब, आता दुसरं इंजिनच बघा." एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन आणायचं कुठून, हा प्रश्न दुसऱ्या कुणाची झोप उडवेल. फियाटवाल्याची उडत नाही. 68 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), 75 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि 1089 सीसी ही मापं इटलीत 1937 साली 508 सी या मॉडेलला आली, आणि आपल्याकडे या फियाटचीच पुढची पिढी असलेली पद्मिनी बंद होईपर्यंत तीच राहिली. मधे महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, लायसन्स राज आलं आणि गेलं. बोअर मात्र 68 चा 68. त्यामुळे नव्वदीतल्या टॅक्सीचं इंजिन आमच्या गाडीत फारशी कुरकुर न करता बसतं.

मिस्त्रींना घेऊन शोधायला गेलो कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात. गंमत म्हणजे ही इंजिनं जन्मली तीही कुर्ल्यातच. आपल्याकडे फियाट आणि पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरचा कारखाना तिथला. त्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. 2013 मध्ये मुंबईच्या टॅक्सींची वयोमर्यादा वीस वर्षांवर आणली, तेव्हा काळ्या-पिवळ्या पद्मिनी भराभर तोडायला जाऊ लागल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची टॅक्सीही निवृत्त झाली, लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले, आणि भंगारवाल्यांना एकदम कळलं की आपल्याकडे आहे तो वारसा आहे. भाव तेव्हापासून वारशाचेच.

चंदेरी इंजिन लोखंडी घोडीवर बसवलेलं होतं. बॅटरी जोडलेली, पेट्रोलची बाटली वर टांगलेली. "चालू इंजिन है साहब, गाडी से निकाला हुआ," म्हणत शेठने सेल्फ मारला. अर्ध्या फेऱ्यात सुरू. आवाज इतका मऊ की मी खिशाकडे हात नेणार होतो. पण शेठने सेल्फ मारायच्या आधीच मिस्त्रींनी ब्लॉकवर तळहात ठेवून पाहिला होता. "गरम आहे," ते मला हळूच म्हणाले. थंड इंजिन सुरू होताना जे काही बोलतं, ते आमच्या येण्याआधीच बोलून झालेलं होतं. मग त्यांनी डिपस्टिक काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं आणि पुसून टाकलं. गिअरबॉक्समध्ये घालावं तसं जाड. जाड ऑइल घातलं की झिजलेली बेअरिंगं काही काळ तोंड मिटून बसतात.

दुसरं इंजिन मागच्या बाजूला एका टायरवर पडलेलं. फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, अडकवून मिस्त्रींनी ते सावकाश फिरवलं. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला जोर लागायला हवा, प्रत्येक सिलिंडरचं कंप्रेशन एकदा. चारही वेळा लागला. एकदा जरी टॉमी सैल गेली असती तर त्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल ओतून पुन्हा फिरवलं असतं: जोर परत आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही आला तर व्हॉल्व्ह नाहीतर गास्केट. डिपस्टिकवर पांढुरका फेस नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नाही. फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोघांचं प्रसरण वेगवेगळं, आणि एकदा गाडी जास्त तापली की हेड वाकतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणून ही तपासणी कधी चुकवायची नसते.

मग ते घोडीवर चढवून सुरू केलं, आणि आवाज आला. वरचा टकटक नव्हे. वरचा असता तर टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांतल्या फटीचा, पान्हा आणि फट मोजायचं फिलर गेज घेऊन अर्ध्या तासात मिटणारा. हा खालून येत होता, जड, ॲक्सिलरेटर दिला की वाढणारा. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला लावली आणि टोक ब्लॉकवर टेकवलं. कोकणात फणस वाजवून बघणाऱ्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर असते तीच तंद्री. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. तीन नंबरची काढल्यावर आवाज दबला.

"तीन नंबरचं बिग एंड," मिस्त्री म्हणाले, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला धरतो तिथलं बेअरिंग. "हेच घेऊ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बेअरिंग गेलंय हे दिसतंय; त्याच्या वाट्या, म्हणजे शेल, नवीन मिळतात, क्रँक ग्राइंड करता येतो, लेथवाल्याचा खर्च आत्ताच सांगता येतो. त्या शांत इंजिनाचा खर्च कोण सांगणार? शिवाय आवाज ऐकून शेठच भावात खाली आला होता. आवाजाचे पैसे कमी होतात, गप्प बसण्याचे कुणी कमी करत नाही.

बयाणा दिल्यावर हेड खोलायची परवानगी मिळाली. बोअरच्या वरच्या कडेशी मिस्त्रींनी नख फिरवलं. झिजलेल्या बोअरला तिथे उंबरठा तयार होतो आणि नख अडकतं. किंचित अडकलं. पण पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइझचा, म्हणजे मोठ्या केलेल्या बोअरसाठीच्या जाड पिस्टनचा, आकडा नव्हता. म्हणजे हा ब्लॉक कधी बोरिंगला गेलेलाच नाही, अजून बरंच आयुष्य शिल्लक आहे. क्रँक आधी किती वेळा ग्राइंड झालाय हे मात्र संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं तबक, खोलेपर्यंत कळणार नव्हतं, आणि संप खोलायला शेठ तयार नव्हता. "इतना देखके तो लोग शादी भी नहीं करते," तो म्हणाला.

माझी दुसरी काळजी कागदाची. 2021 पासून केंद्राच्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. फी 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. त्याच मापाचं, त्याच घराण्यातलं इंजिन हा फेरफार धरायचा का, यावर मी मनातल्या मनात मोठा युक्तिवाद तयार ठेवला आहे. तो करायचा तर आधी ब्लॉकवरचा इंजिन नंबर पावतीवर हवा, नाहीतर उद्या कुणी विचारेल की हे आणलं कुठून.

शेठने पावती फाडली. त्यावर लिहिलं होतं: जुना लोखंडी माल, एक नग.

"नंबर लिहा ना शेठ, इंजिनचा."

"नंबर वाला बिल अलग होता है साहब," तो म्हणाला, आणि त्याचा वेगळा भाव सांगितला. मिस्त्री पुन्हा स्टुलावर बसले आणि त्यांनी चहा मागवला.