चौथ्या मिनिटाला

"दादा, तुम्ही मला मायनिंगचं कार्ड चिकटवलंत." पोरगं दुकानात शिरता शिरता बोललं. सोलापुरातल्या नवी पेठेतलं आमचं कॉम्प्युटरचं दुकान एवढंसं, त्यात चार गिऱ्हाइकं बसलेली. सगळ्यांनी माना वळवल्या.

त्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग, म्हणजे कॉम्प्युटर राबवून आभासी नाणी कमावणं, संपलं आणि त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली ग्राफिक्स कार्डं स्वस्तात बाजारात उतरली. मी त्याला फेब्रुवारीत दिलेलं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड सेकंडहँडच होतं. पण तपासून दिलं होतं, त्यामुळे मला राग आला. पिशवीतलं कार्ड काढलं, टेस्ट बेंचवर चढवलं आणि सगळ्यांसमोर सायबरपंक २०७७ या गेममधला बेंचमार्क, म्हणजे ठरलेली वेगचाचणी, तीनदा चालवला. सेकंदाला सरासरी ७१, ७१, ७० फ्रेम. वन पर्सेंट लो ५६. "हे बघ. आता बोल."

त्यानं मोबाइल पुढे केला. व्हिडिओत गाडी ठेचकाळत चालली होती. "घरी अडकूलालंय, दादा."

"मग तुझ्या घरातच काहीतरी आहे," मी फटकन बोललो. त्याचं तोंड उतरलं. नंतर मलाच बरं वाटेना. व्हिडिओ काही खोटा नव्हता.

सरासरीचा आकडा फसवा असतो. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. मधूनच एखादी फ्रेम ७० मिलिसेकंदांनी आली तर सरासरी जेमतेम हलते, पण डोळ्याला झटका बसतोच. म्हणून सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेम वेगळ्या बघतात, तोच वन पर्सेंट लो. मी त्याही बघितल्या होत्या. तरी चुकलो होतो, आणि का ते कळायला अशोक चौकापलीकडे त्याच्या घरी जावं लागलं.

दुपारचे दोन, मे महिना, बाहेर ४२ अंश. खाली यंत्रमागाची शेड, टॉवेलचं काम. धोट्यांच्या खडखडाटात बोलणं ओरडूनच. वर पोराची खोली. खिडकीत कूलर, त्याच्या थेट झोतात कॅबिनेट. पोराचा समज असा, की गार वारा लागला की मशीन खूश.

कार्ड बसवलं, फ्रेम मोजणारं कॅपफ्रेमएक्स सॉफ्टवेअर चालू केलं आणि या वेळी बेंचमार्क नाही, त्यालाच खेळायला बसवलं. पहिली तीन मिनिटं ७० च्या पुढेमागे. चौथ्या मिनिटाला तापमान ८३ ला टेकलं. या कार्डाची ठरलेली हद्द तीच. तिथे पोचलं की ते स्वतःला सांभाळायला वेग कमी करतं. चिपचा वेग १९०० मेगाहर्ट्झवरून १४०० कडे घसरू लागला, मध्येच उसळी, परत खाली. दहाव्या मिनिटाला सरासरी ५४, वन पर्सेंट लो १९. फ्रेमटाइमचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा.

माझा बेंचमार्क मिनिटाभरात संपतो. एसीतल्या उघड्या बेंचवर, दोन फेऱ्यांच्या मध्ये गप्पा मारायला सवड देऊन. कार्ड तापायच्या आत मी त्याला पास करत होतो. दुकानातही तिसऱ्या फेरीला पडद्यावर तापमान ७८ दिसत होतं, पण मी आकडे मिरवण्यात गुंग.

पंखे सोडवले. त्यांच्या मागे, वरून दिसत नाही अशा जागी, चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर रुईचा थर. धूळ असती तर ब्रशनं उडाली असती. ही शेडमधून उडालेली रुई कूलरच्या ओलसर वाऱ्यानं दाबून बसलेली. चिमट्यानं ओढली तर नमद्याच्या तुकड्यासारखी अख्खी निघाली.

तेवढ्यात पोराचे वडील, अण्णा, ताकाचे पेले घेऊन आले. त्यांनी तो तुकडा उचलला, दोन बोटांत चोळला. "विसाचं सूत आहे," म्हणाले आणि खाली गेले.

पात्या साफ केल्या, थर्मल पेस्ट बदलली, कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला घेतलं. मग अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं: १८०० मेगाहर्ट्झ, ८५० मिलिव्होल्ट. १७० वॅटचं कार्ड सव्वाशेच्या आसपास आलं. वीस मिनिटं खेळवलं. ७६ अंशांवर थांबलं, सरासरी ६७, वन पर्सेंट लो ५३.

"चारनं कमीच आले की दादा."

"गपचूप खेळ बे."

खाली उतरताना अण्णांनी शेडच्या दारात थांबवलं आणि विचारलं, मशीनवर मलमलीचं फडकं टाकलं तर चालेल का. म्हटलं, हवा आत जाते त्या जाळीवर बाहेरून लावा, आणि दर रविवारी झटका. फडक्यानं हवा थोडी अडते, पण रुईपेक्षा ते बरं.

हल्ली जुनं कार्ड विकायच्या आधी दुपारी एसी बंद करतो, शटर अर्धं ओढतो आणि अर्धा तास गेम चालवतो. बसलेली गिऱ्हाइकं घामाघूम होतात आणि मला शिव्या घालतात.